दोनशे ग्रॅम

"पळ! थांबू नकोस! थांबलास की घाम थांबतो!" मुतालिक सर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडत होते.

मी पळतच होतो. अंगात दोन स्वेटर, त्यांच्या आत खताच्या पोत्यातलं प्लास्टिक, डोक्याला माकडटोपी. पुण्यातली डिसेंबरची सकाळ, माणसं शाली गुंडाळून फिरायला आलेली, आणि मी मैदानाला अठरावी फेरी मारतोय. परवा दुपारपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. काखेत हात घालून बघितलं तर काख कोरडी ठणठणीत. घामसुद्धा संपला होता माझा.

"सर, आता येत न्हाई घाम."

"येतो. न यायला काय झालंय? इलाही, रेट जरा याला."

इलाही मुल्ला माझा खोलीतला जोडीदार, माझ्याच कॉलेजचा, वरच्या गटातला पैलवान. त्याचं बरं होतं. गट नव्वद किलोचा आणि वजन अठ्ठ्याऐंशी. सकाळी उठून माझ्यासमोर बसून त्याने सहा केळी खाल्ली होती. मित्र म्हणायचा हा! आता माझ्याबरोबर पळता पळता म्हणतो, "सर्ज्या, राहिलं किती?"

"साडेसहाला तीनशे ग्रॅम जास्त होतं. आता दीडशे असंल."

"मग काय, मारलंस की मैदान."

मारलंस म्हणे. दीडशे ग्रॅम म्हणजे काय असतं ते ज्याचं जातं त्यालाच कळतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धा होती. माझं अंगचं वजन एकोणऐंशी. गेल्या वर्षी मी ब्याऐंशी किलो गटात लढलो आणि उपांत्य फेरीत हरियाणाच्या एका पोराने मला उसाच्या मोळीसारखं उचलून आपटलं. कांस्य घेऊन परत आलो. तेव्हाच सरांनी ठरवलं, पुढच्या वर्षी चौऱ्याहत्तर. "चौऱ्याहत्तरात तुला देशात जोड नाही," असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. विद्यापीठाच्या निवड चाचणीत मी सात कुस्त्या केल्या, एकही दोन मिनिटांच्या वर गेली नाही. सुवर्ण मिळालं की राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं यायचं. तिथे गेलेला पैलवान मग देशासाठी लढतो. त्यासाठी तर सात वर्षं मी कॉलेजात काढली होती. एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुस्तकाशी माझं भावकीचं वैर, पण कॉलेज सुटलं की ही स्पर्धा सुटली, म्हणून चिकटून बसलो होतो. ही शेवटची संधी. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला, सरांना, इलाहीला, सगळ्या गावाला माहीत होतं.

वजन घ्यायची वेळ आठ ते नऊ. त्या तासाभरात काट्यावर कितीही वेळा चढा, पण नऊ वाजता काटा उचलायचा. पावणेआठला सर म्हणाले, "मी आत जाऊन कागदपत्रं देतो. तू इथेच सावकाश चालत राहा. इलाही, याचा टॉवेल आण खोलीतून." दोघंही गेले. मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे सावलीला जाऊन टेकलो. जीभ टाळ्याला चिकटली होती. डोळ्यांसमोर काजवे.

"सर्ज्या? आरं, ह्यो तूच का रं?"

बघतो तर आप्पा वस्ताद. धोतर, कोट, लाल फेटा आणि हातात पितळी किटली.

आप्पा चौगुले म्हणजे आमच्या वारणाकाठच्या सोनशेत गावचे वस्ताद. मला नवव्या वर्षी तालमीच्या मातीत ढकललं ते त्यांनीच. माझा प्रत्येक डाव त्यांचा. मॅटवरची कुस्ती त्यांना पसंत नव्हती, "गादीवर काय कुस्ती असती व्हय, गादीवर झोपायचं असतंय," असं म्हणायचे. तालमीत वजनकाटा नव्हता. पैलवानाच्या मांडीवर थाप मारून ते वजन सांगायचे आणि अर्ध्या किलोचाही फरक पडायचा नाही. आमच्याकडे एक रीत होती. कुस्तीच्या दिवशी वस्ताद आपल्या हाताने पैलवानाला दुधाचा पेला देतो आणि पैलवान तो परतवत नाही. एक वेळ ठरलेलं लग्न मोडलेलं चालतं, तो पेला परतवलेला चालत नाही. परतवला म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ.

मी पाया पडलो. आप्पांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"गालाची पार खोबणी झाली की रं! कुनी केलं ह्ये?"

"वजन उतरवायचं हुतं, आप्पा. चौऱ्याहत्तर."

"पैलवानाला वाळवत्यात व्हय? सांडगं हाईत का ही? आमच्या काळात पैलवान अंग भरंना म्हणून रडायचा. शिकल्याली माणसं, काय बोलावं!" ते पायरीवर बसले. "रात्रभर यष्टीत मांडीवर धरून आणलंय. म्हैस माझी, बदाम तुझ्या आईनं वाटल्यात. स्वारगेटला चावाल्याच्या शेगडीवर तापीवलं, त्यो पैसं घेईना. म्हणला, पैलवानाचं दूध हाय, असू द्या."

त्यांनी किटलीचं झाकण काढलं. वेलदोड्याचा वास आला. मला वाटतं, माझ्या तोंडाला दोन दिवसांत पहिल्यांदा लाळ सुटली.

आणि मग आप्पांनी झाकण परत लावलं.

"थांब. वजन झालं का तुझं? खरं सांग. झालं नसंल तर मी झाकून ठेवतो, झाल्यावर पी. पेल्याचा मानबिन ऱ्हाऊ दे आज. म्हाताऱ्याला वाईट वाटंल म्हणून पिऊ नगंस."

असं म्हणाले. शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"झालं, आप्पा," मी म्हणालो.

"घेतलं त्येंनी?"

"घेतलं की. आत्ताच. लिवून बी घेतलं."

हे मी का बोललो? तहान लागली होती. दुसरं काही कारण नाही. पुढे मी स्वतःला शंभर कारणं सांगितली, गुरूचा मान, रीत, म्हातारा रात्रभर बसून आलेला. सगळी खोटी. मनाशी म्हटलं होतं, दोन घोट घेऊ, आठ फेऱ्या जास्त मारू, कोणाला कळतंय. आप्पांनी कोटाच्या खिशातून पेला काढला, भरला. दोन घोट म्हणत मी पेला संपवला. दुसरा भरला, तोही संपवला. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की जणू मी कुस्ती मारलीच.

"आता कसा रंग आला तोंडावर!"

तेवढ्यात टॉवेल घेऊन इलाही आला. पेला बघितला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"आप्पा, काय पाजलंय ह्ये?"

"दूध. का रं?"

"अवो, वजन व्हायचंय अजून त्याचं!"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी माकडटोपी ओढली आणि मैदानाकडे पळत सुटलो.

आठ वाजून दहा मिनिटांनी काट्यावर चढलो. चौऱ्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम. सरांना आकडा खरा वाटेना. "असं कसं? असं होऊच शकत नाही! अहो, काटा बघा जरा!" ते पंचांशी भांडायला लागले. काट्यात काही नव्हतं. सरांनी माझ्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

पुढची पंचेचाळीस मिनिटं मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पळालो. इलाहीला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढलो. चिंच चघळून थुंकत राहिलो. सरांनी कुठून तरी न्हावी पकडून आणला आणि त्याने माझी हजामत केली, नुसती डोक्याची नाही, छातीची, पायांची. केसांचं वजन ते किती! आठ पन्नासला काट्यावर चढलो तर दोनशे पन्नास जास्त. इलाहीने समोर टॉवेल धरला, मी लंगोटही काढला. आईने बांधलेला करगोटा होता कमरेला, तो इलाहीने दाताने तोडला. दोनशे ग्रॅम. मी श्वास सोडून चढलो, एका पायावर चढलो, वेड्यासारखं काय काय केलं. पंच बिचारा भला माणूस होता. घड्याळाकडे बघत म्हणाला, "अजून दोन मिनिटं आहेत, थुंकून या." थुंकायला काही नव्हतं.

नऊ वाजले. त्याने वहीत माझ्या नावावर रेघ मारली.

बाहेर आलो तर आप्पा दारातच उभे होते, किटली हातात धरून. सर त्यांच्यावर तुटून पडले. मुतालिक सर कधी कोणाला अरेतुरे करत नसत, त्या दिवशीही केलं नाही, पण आवाज असा चढला की आजूबाजूच्या राज्यांची पोरं गोळा झाली.

"काय मिळवलंत तुम्ही? सात वर्षं घातली मी या पोरावर! सात वर्षं! तुमच्या एका पेल्यापायी आयुष्य गेलं त्याचं!"

आप्पांनी किटली पायाशी ठेवली.

"तुमची रीत, तुमचा मान! त्या पोराला नाही म्हणता येत नाही हे माहीत होतं ना तुम्हाला? अहो, एकदा विचारायचं तरी होतं, वजन झालं का म्हणून! एकदा!"

मी टॉवेल गुंडाळून, चकोट डोक्याने, तीन पावलांवर उभा होतो. आता आप्पा सांगणार. सांगू देत, मनात म्हटलं, सांगितलेलं बरं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"न्हाई इचारलं," आप्पा म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाई. म्हाताऱ्याचं चुकलं, मास्तर."

आणि वयाची साठी उलटलेल्या त्या माणसाने सरांपुढे हात जोडले. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं देव जाणे.

माझ्या गटाचं सुवर्ण ज्याला मिळालं, त्या पोराला मी दोन महिन्यांपूर्वी एका मैदानात दीड मिनिटात चीत केलं होतं. त्याची अंतिम कुस्ती मी पायऱ्यांवर बसून बघितली. असला संताप आला होता! सरांचा आला, काट्याचा आला, त्या जिंकणाऱ्या पोराचा आला. स्वतःचा सोडून सगळ्यांचा आला.

परत येताना एस. टी. त आप्पा माझ्या शेजारी बसले. इलाही पुढच्या बाकावर झोपला होता.

"आप्पा, मी सांगतो सरांना," मी म्हणालो.

"काय सांगतोस?"

"तुम्ही इचारलं हुतं म्हणून."

"गप बस." ते खिडकीबाहेर बघत होते. "माझी कुस्ती कवाच संपली. मला काय कुनी हसलं तर हसलं. तुला अजून मैदानं मारायची हैत. वस्तादाशी खोटं बोलला म्हणून नाव झालं तर तुला कुठल्या तालमीत उभं करतील?"

"पण आप्पा..."

"लई तहान लागली हुती का रं?"

मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि विषय संपवला.

संपवला म्हणजे त्यांनी संपवला. गावाने थोडाच संपवला! आठ दिवसांत पंचक्रोशीत झालं, आप्पाने दूध पाजून पैलवान घालवला. आधी जत्रेच्या मैदानात जोड लावायला आप्पाच असायचे, कोणाची कुस्ती कोणाशी हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याकडे गेलं. कोणी तरी गर्दीतून ओरडलं, "आप्पा, किटली आणलीया का?" आणि सगळं मैदान खो खो हसलं. आप्पाही हसले. बापांनी पोरं त्यांच्या तालमीत पाठवायची बंद केली. "त्यांना आता समजत नाही," म्हणायचे. पाच-सहा वर्षांत तालमीला कुलूप लागलं. माती वाळून दगड झाली.

मी मैदानं मारली का? मारली थोडी. मग गुडघा गेला. शिबिराचं बोलावणं काही कधी आलं नाही. पुढे तालुक्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक झालो, मॅट घातली, पोरं तयार केली. त्यातली दोन राष्ट्रीयला गेली. लोक मला आता सर म्हणतात. "कॉलेजात असताना काय पैलवान होता! वस्तादाने घात केला नसता तर..." असं माझ्यासमोर बोलतात. आणि मी, सांगायला लाज वाटते, पण मी ते ऐकून घेत आलो. कधी कधी हलकं हसायचोसुद्धा. दर वर्षी ठरवायचो, या जत्रेत सांगून टाकू. जत्रा यायची, जायची. आप्पांकडे गेलो की ते तो विषय निघूच द्यायचे नाहीत. "पोरं काय म्हणत्यात तुझी?" एवढंच विचारायचे.

मागच्या वर्षी आप्पा गेले, नव्वदीला टेकून. तेराव्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली. मोठी सभा नव्हती, शंभर-सव्वाशे माणसं. सरपंच बोलले. सत्तरीचे मुतालिक सर सांगलीहून काठी टेकत आले होते, तेही बोलले. "माझा त्यांच्यावरचा राग केव्हाच निवळला," म्हणाले. राग निवळला म्हणे! मला बसवेना. मी उठून माइक घेतला.

"मी आज एक खरं सांगणार आहे," मी म्हणालो. "त्या दिवशी आप्पांनी मला विचारलं होतं. वजन झालं का, खरं सांग, झालं नसेल तर मी किटली झाकून ठेवतो, असं विचारलं होतं. मी खोटं बोललो. झालं म्हणालो. तहान लागली होती म्हणून. आप्पांनी माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं. दोष माझा आहे, त्यांचा तिळमात्र नाही."

मला वाटलं, आता कोणी तरी उठून शिवी देईल. द्यावी. मी वाट बघत होतो.

मुतालिक सर उठले. काठी बाजूला ठेवली आणि त्यांनी मला मिठी मारली. "सर्जेराव, शिष्य असावा तर असा! माणूस गेल्यावरसुद्धा त्याची चूक स्वतःच्या माथ्यावर घेतोस!"

"सर, तसं नाही. मी खरं सांगतोय."

"असू दे, असू दे. मी स्वतः होतो ना तिथे. माझ्यासमोर कबूल केलंय त्यांनी, हात जोडून."

मी परत माइककडे वळलो. "ऐका! त्यांनी मला वाचवायला कबूल केलं! इलाही, तू सांग, तू होतास!"

इलाही पहिल्या रांगेत होता, दाढी पांढरी झालेला. तो बिचारा गोंधळला. "मी आलो तेव्हा पेला रिकामा होता, सर्ज्या. तुमचं बोलणं मी ऐकलं नाही," म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. सरपंचांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, आजच्या काळात अशी गुरुभक्ती दुर्मिळ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! मी ओरडत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते. तालमीला नवीन पत्रे घालून माझं नाव द्यायचं, असंही कोणी तरी मागून सुचवलं.

सभा पांगताना आप्पांची मुलगी शेवंता माझ्याकडे आली. ही माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तिच्या लग्नात वरातीतल्या पोरांनी "नवरदेवाला दूध देऊ नका" म्हणून टिंगल केली होती, आणि आप्पा मांडवातून उठून मागल्या दारी जाऊन बसले होते. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला वाटलं, ही तरी विश्वास ठेवेल. ही ठेवेल आणि माझ्या तोंडावर थुंकेल.

"शेवंता, अगं मी खरं बोललो," मी तिचे हात धरले. "तुझ्या वडिलांनी विचारलं होतं मला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तू तरी ऐक माझं."

"दादा, राहू द्या आता." तिचे डोळे भरून आले होते. "तुमचं आयुष्य गेलं आणि तुम्ही एका शब्दानं कधी बोलला नाही त्यांना. आज चारचौघांत त्यांची अब्रू राखली. आमच्या आप्पांचं चुकलंच होतं, ते आम्ही घरात कधी नाकारलं नाही."

"अगं, नाही गं! नाही!"

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो, मागे भिंत होती, आणि तिने माझ्या दोन्ही पावलांवर डोकं टेकवलं.